कडी आणि कड

(वडगाव रासाई येथे भरलेल्या आपल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानासाठी मोठा विषय निवडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शिक्षण, संघटन, लग्नातील वाढता खर्च, तरुणांच्या नोकऱ्या या विषयांवर या व्यासपीठावरून पूर्वी पुष्कळ विचारमंथन झालेले आहे, आणि पुढेही ते होत राहील. आज मात्र आम्ही चिमटीत मावेल एवढा लहान विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. कापडाला किंवा कातड्याला धातूची कडी, रिव्हेट, बक्कल अथवा टिचबटण पक्के कसे बसवावे, एवढाच तो विषय आहे. ज्या पोकळ कडीतून नाडी किंवा दोरी ओवतात तिला बाजारात आयलेट म्हणतात. आम्ही तिला कडीच म्हणू.

इतका लहान विषय सर्व कुटुंबांसमोर कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर या गावाच्या शिवारातच आहे. वडगाव रासाई भीमेच्या काठी वसलेले आहे. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्ही तीरांवर ऊस आहे, कांदा आहे, जनावरे आहेत. अवकाळी पावसाचे ढग दिसू लागले की शेतकरी काढून ठेवलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकण्यासाठी धावतो. त्या वेळी त्याचे वर्षाचे पीक ज्यावर विसंबून असते, ती ताडपत्रीच्या काठाची रुपयाएवढी कडी असते. ती वाऱ्याने उपटली गेली की ताडपत्री उलटते, आणि एका रात्रीत कांदा भिजून सडू लागतो. उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाच्या गळ्यातला पट्टा, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दप्तराचा बंद, शेतमजुराच्या पायातला बूट, या सर्वांचे काम अशाच एका लहान धातूच्या तुकड्यावर चालते. आणि तो तुकडा बसवणारा हात पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक ठिकाणी आपल्याच माणसाचा राहिला आहे.

आता मुख्य मुद्दा सांगतो. बक्कल निघाले, कडी निसटली, टिचबटण सुटले म्हणजे गिऱ्हाईक म्हणते, ‘‘कडी हलकी होती.’’ आपणही पुष्कळदा तेच म्हणतो. परंतु निघालेली कडी हातात घेऊन पाहावी. दहांतील बहुतेक वेळा ती अखंड असते, तिला ओरखडादेखील नसतो. फाटलेली असते ती तिच्या भोवतीची कापडाची अथवा कातड्याची कड. सारांश, कडी तुटत नाही, कड तुटते. या कामातील सर्व कौशल्य धातू ठोकण्यात नसून ही कड सांभाळण्यात आहे. हे ज्यास उमगले त्याचे काम टिकते. ज्यास उमगले नाही त्याने सोन्याची कडी बसवली तरी ती निघणारच.

ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना चांगली ठाऊक होती. त्यांच्या हातचे सर्वांत अवघड काम म्हणजे मोट. विजेचे पंप आणि तेलाची इंजिने येण्यापूर्वी या भागातील विहिरींवर मोटा चालत. मोटेचे तोंड लोखंडी कड्याला वाद्यांनी शिवलेले असे. भरलेली मोट नाड्याने वर येऊ लागली म्हणजे पाण्याचा सारा भार त्या कड्यावरून कातड्यावर पडे. तोंडाशी कातडे फाटले तर पाणी विहिरीत, बैलांचे श्रम फुकट, आणि शेतकऱ्याचे बोल आपल्या माथी. म्हणून आपली माणसे कोणत्याही एका भोकावर सारा भार येऊ देत नसत. कड्याभोवती सारख्या अंतरावर टाके घेत, कातडे दुमडून घेत, आणि जेथे ताण अधिक तेथे आतून दुसरा तुकडा लावीत. बलुत्याचे धान्य खळ्यावर मोजले जाई ते या हिशेबी हातासाठी. त्या पद्धतीत अपमान होता, कमी-अधिक मापही होते, हे आम्ही विसरलो नाही. तथापि त्या हाताला जे ज्ञान होते ते अव्वल दर्जाचे होते, हेही विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण कोल्हापुरी वहाणेचे. अस्सल कोल्हापुरी वहाणेत खिळा नसतो. तळ, पट्टा, कान हे सर्व भाग कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात. या वहाणेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर, आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. पुढे २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने त्याच घाटाची पायताणे आपल्या प्रदर्शनात मांडली. प्रारंभी उगमाचे नाव घेतले नव्हते. इकडून आवाज उठल्यावर त्या कंपनीने ते मान्य केले. आपल्या हाताचे मोल जगाला कळते, परंतु ते आपण स्वतः बोलून दाखवावे लागते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

खिळा न वापरण्यात केवळ रूढी नव्हती. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्यात तुरट द्रव्य मुरलेले असते. त्याला लोखंड लागले व ओल आली म्हणजे निळसर काळा डाग पडतो. पूर्वी लिहिण्याची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करीत. हिराकस हा लोखंडाचाच क्षार. तीच शाई कातड्याच्या पोटात खिळ्याभोवती तयार होते, आणि त्याबरोबर तेथील कातडे ठिसूळ होत जाते. म्हणजे लोखंडाची कडी नुसती गंजत नाही, ती आपल्या भोवतीची कडही खाते. म्हणून सालीच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याला पितळेची कडी घ्यावी. तांब्याचा रिव्हेटही चांगला, मात्र कातडे फार तेलकट असेल तर तांब्यापितळेवर हिरवट कळंक चढतो. तो अधूनमधून पुसून काढावा. ज्या लोखंडी कडीला वरून चकचकीत मुलामा दिलेला असतो तिची परीक्षा लोहचुंबकाने होते. चुंबक चिकटला तर पितळेचा भाव देऊ नये.

धातूची कडी ही अलीकडची गोष्ट आहे. पूर्वी नाडीचे भोक दोऱ्याने काजे घालून मजबूत करीत. इंग्लंडात टॉमस रॉजर्स याने १८२३ मध्ये धातूच्या कडीचे पेटंट घेतले. टिचबटणाचे पेटंट जर्मनीत हेरिबर्ट बाउअर याच्या नावे १८८५ मध्ये झाले. रिव्हेटची हकीकत मात्र आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ती एका साध्या कारागिराची आहे. याकोब डेव्हिस नावाचा शिंपी रिगा शहराकडून अमेरिकेत गेला व नेव्हाडा प्रांतातील रीनो या गावी राहू लागला. तंबू, घोड्यांच्या झुली आणि मालगाड्यांवरील आच्छादने शिवणे हा त्याचा धंदा. एक बाई आपल्या लाकूडतोड्या नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागण्यास आली. खिशाचे कोपरे उसवतात, ही तिची तक्रार. झुलींच्या पट्ट्यांसाठी आणलेले तांब्याचे रिव्हेट डेव्हिसच्या समोर पडलेले होते. त्याने ते खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. विजारी इतक्या खपू लागल्या की त्याने पेटंट घेण्याचे ठरवले. जवळ पैसा नव्हता, म्हणून ज्याच्याकडून तो कापड घेई त्या लीव्हाय स्ट्रॉस या सान फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्यास त्याने पत्र लिहिले. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट झाले. आज आपली मुले ज्या जीन विजारी घालतात त्यांच्या खिशावरचा तांबडा ठिपका तो हाच.

डेव्हिसने विजारीवर जागोजाग रिव्हेट ठोकले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. फाटणे जेथून सुरू होते तो कोपरा त्याने हेरला. जनावराच्या पाठीवरील झुलीचा अनुभव त्याने माणसाच्या खिशाला लावला. आपल्या गावच्या कारागिराजवळ असा अनुभव कमी आहे असे कोण म्हणेल?

आता कामाची रीत सांगतो. ती क्रमाने सांगितली असता तरुणांस उपयोगी पडेल.

प्रथम जागा निवडावी. कडी मालाच्या अगदी काठाशी बसवण्याचा मोह होतो, कारण तेथे हात सहज पोचतो. परंतु कडीच्या बाहेरच्या काठापासून मालाची कड निदान कडीच्या रुंदीइतकी दूर असावी. कातड्यात आणखी एक पाहावे. जनावराच्या पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाकडचे सैल व ताणणारे असते. पट्टा शक्यतो पाठीच्या कातड्याचा, कण्याच्या दिशेने लांब कापावा, आणि बक्कल बसवायचे टोक पोटाकडच्या भागाचे येऊ देऊ नये.

नंतर पाठबळ द्यावे. एकेरी कापडावर कडी बसवणे म्हणजे वाळूत खांब रोवणे होय. ताडपत्रीची कड दुमडून आत दोरी घालून शिवावी, आणि कोपऱ्यांवर त्याच जातीच्या कापडाचा वा कातड्याचा तुकडा आतून लावावा. हा तुकडा चौकोनी कापला तर त्याचे कोपरे गोल करावेत. टोकदार कोपऱ्यापासून पुन्हा फाटणे सुरू होते. टिचबटणाखालीही असे अस्तर लागते, कारण ते उघडताना दर वेळी कापडाला ओढ बसते. लहान मुलांच्या अंगरख्यांत तर याची विशेष काळजी घ्यावी. सुटलेले बटण मूल तोंडात घालते. त्यातून काय अनर्थ ओढवू शकतो हे येथे बसलेल्या मातांना सांगावयास नको.

भोक पाडणे ही तिसरी पायरी. येथे कापड आणि कातडे यांचे मार्ग वेगळे होतात. कातड्याला आरीने चीर पाडून कडी कोंबू नये. चिरेची दोन टोके हीच पुढे फाटण्याची सुरुवात असते. गोल पंचाने स्वच्छ वर्तुळ पाडावे. वर्तुळाला टोक नसते, त्यामुळे ताण चोहोंकडे वाटला जातो. कडीच्या नळीला जेमतेम जाण्यापुरतेच ते असावे. पंच ऐरणीवर ठेवून मारू नये, त्याची धार जाते. लाकडाच्या ज्या कापावर वर्षांची वर्तुळे दिसतात त्या कापावर माल ठेवून पंच मारावा. कापडाचे मात्र उलट आहे. कापड म्हणजे उभे-आडवे धागे. भोक कापले की धागे तुटले, आणि तुटलेला धागा भार घेत नाही. म्हणून जाड कापडाला टोच्याने धागे बाजूस सारून भोक रुंद करावे. कापावेच लागले तर नळीपेक्षा लहान कापावे आणि उरलेले टोच्याने ताणून घ्यावे, म्हणजे धागे नळीला घट्ट मिठी मारून राहतात. हल्लीच्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीतही पट्ट्यांचेच ताणेबाणे असतात. तेव्हा तिलाही हाच नियम लागू आहे.

चौथी गोष्ट कडीची निवड. आयलेट दोन प्रकारचे मिळतात. एक तुकड्याचे, ज्याची नळी ठोकल्यावर पाकळ्यांसारखी फाकून मालात रुतते. ते बुटाच्या नाडीला ठीक. दुसरे जोडीचे, ज्याला मागून वायसर असतो आणि नळी त्या वायसरावर वळते. ताडपत्री, पडदे, झुली, जड पिशव्या यांना दुसऱ्या प्रकाराचीच कडी घ्यावी. वायसराची फुगीर बाजू बाहेर, आणि त्याला दात असल्यास ते मालाकडे, हे लक्षात असू द्यावे. नळीची लांबी मालाच्या जाडीतून वर दोन ते तीन मिलिमीटर राहील अशी असावी. आखूड असेल तर ती वायसरावर वळत नाही, लांब असेल तर वाकडी होऊन चिरते. रिव्हेटचेही तसेच. टोपी बसवण्यापूर्वी त्याचे टोक सुमारे तीन मिलिमीटर वर दिसावे. पट्टा जाड असेल तर लांब रिव्हेट घ्यावा, कातडे तासून पातळ करू नये. ते तासणे म्हणजे घर पाडून दाराला जागा करणे झाले.

शेवटी ठोका. ऐरण भक्कम ठोकळ्यावर स्थिर असावी. साचा सरळ उभा धरावा. एकच जोराचा घाव न घालता तीन-चार सारखे घाव घालावेत आणि प्रत्येक घावानंतर साचा थोडा फिरवावा. पहिल्या घावाने नळी उमलते, पुढच्यांनी ती वळते. अति ठोकले तर वळलेली कड चिरते, आणि ती चीर पुढे दोरी कापते. ठोकताना डोळ्यांवर चष्मा असावा. धातूची कपची उडून डोळा जाण्यास क्षणही लागत नाही.

काम झाल्यावर तीन परीक्षा घ्याव्यात. कडी चिमटीत धरून फिरवून पाहावी, ती फिरता कामा नये. वळलेल्या काठावरून नख फिरवावे, ते कोठे अडकू नये. मग दोरी ओवून सरळ नव्हे तर तिरपी ओढावी, कारण वारा किंवा बैल सरळ ओढीत नाही. या तीन परीक्षांना अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र त्या केल्यावाचून माल गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

एवढी काटेकोरी कशासाठी, हे थोड्या हिशेबाने दाखवतो. बारा फूट रुंद व अठरा फूट लांब ताडपत्री घ्या. तिचे क्षेत्र सुमारे वीस चौरस मीटर भरते. ताशी साठ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर त्याचा दाब दर चौरस मीटरला ढोबळ मानाने सतरा किलो वजनाइतका असतो. म्हणजे सबंध ताडपत्रीवर सुमारे तीनशे चाळीस किलो. ताडपत्रीचा घेर साठ फूट. दर तीन फुटांवर एक याप्रमाणे वीस कड्या बसल्या आणि वीसही बांधल्या तर एकेका कडीच्या वाट्याला सतरा किलो येतात. तेवढे नीट बसवलेली कडी सहज सोसते. परंतु शेतकऱ्याने घाईने चार कोपरेच बांधले तर प्रत्येक कोपऱ्यावर पंच्याऐंशी किलो येतात. आणि प्रत्यक्षात वारा असा सारखा वाटून येत नाही, झटक्याने येतो. एक कडी निघाली की तिचा भार शेजारणीवर पडतो, ती निघाली की तिसरीवर, आणि उसवलेल्या शिवणीसारखी सबंध बाजू सुटत जाते. म्हणून ताडपत्री दुरुस्त करून देताना शेतकऱ्यास दोन शब्द अवश्य सांगावेत, ‘‘दादा, सगळ्या कड्या बांधा.’’ हा सल्ला फुकट असला तरी त्याने आपले काम टिकते आणि त्याचा कांदाही वाचतो.

जनावरांच्या सामानाबद्दल वेगळे बोलणे आवश्यक आहे. पोळा जवळ आला म्हणजे घुंगरांचे पट्टे, म्होरक्या, माळा यांचे काम आपल्याकडे येते. घुंगरू बाहेरून शोभते, पण त्याच्या रिव्हेटचे दुसरे टोक बैलाच्या मानेकडे असते. ते उघडे राहिले तर दिवसभराच्या चालीने कातडी सोलते, माशी बसते, जखम चिघळते. मुके जनावर तक्रार करीत नाही. म्हणून रिव्हेटच्या आतल्या बाजूस मऊ कातड्याचे अस्तर शिवल्याशिवाय पट्टा पुरा झाला असे समजू नये. वर सांगितलेल्या अमेरिकन विजारींच्या कंपनीसही हे शिकावे लागले. मागच्या खिशांचे रिव्हेट खोगिरांना आणि खुर्च्यांना ओरखडे पाडतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार येऊ लागली, तेव्हा १९३७ मध्ये त्यांनी ते कापडाआड झाकून टाकले. धातू जेथे दुसऱ्यास लागतो तेथे तो झाकावा, हा धडा बैलाच्या मानेपासून खुर्चीपर्यंत सारखाच आहे.

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट येथे सांगणे इष्ट वाटते. एका शाळेत मुलांना दप्तरे वाटण्यात आली. पुरवठा करणाऱ्याचे नाव घेण्याचे कारण नाही. पावसाळा संपण्यापूर्वीच पुष्कळ दप्तरांचे बंद सुटले. मुले दप्तर पोटाशी धरून चालू लागली. पालकांनी ती दप्तरे आपल्या एका कारागिराकडे आणली. आम्ही त्याच्या शेजारी बसून पाहिले. रिव्हेट नवेकोरे होते, चकाकत होते. कापड एकेरी, मागे वायसर नाही, भोक रिव्हेटपेक्षा मोठे. त्या कारागिराने आतून जुन्या पट्ट्याच्या कातड्याच्या गोल चकत्या लावल्या आणि तेच रिव्हेट पुन्हा न वापरता नवे बसवले. एका दप्तराला पाव तासही लागला नाही. ते दप्तर दुसऱ्या वर्षीही त्याच मुलीच्या पाठीवर होते. ज्याने हजारो दप्तरे पुरवली त्याला एका चकतीचा खर्च जड झाला, आणि ज्याची मजुरी लोक घासाघीस करून कमी करतात त्याने ती चकती न मागता लावली. यात अभिमान वाटावा असेही आहे, आणि विचार करावा असेही आहे.

विचार मजुरीचा करावा. गिऱ्हाइकास हातोडीचे चार ठोके ऐकू येतात आणि तो चार ठोक्यांचे पैसे देतो. चकती, दुमड, भोकाचे माप, तिन्ही परीक्षा त्यास दिसत नाहीत, कारण आपण त्या दाखवीत नाही. यापुढे आपण प्रत्येकाने आपल्या बैठकीपाशी दोन नमुने टांगून ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. एकेरी कापडावर बसवलेली कडी हा एक, आणि दुमड, अस्तर व वायसर यांसह बसवलेली कडी हा दुसरा. गिऱ्हाइकास दोन्ही ओढून पाहू द्यावे आणि दोन्हींचे दर वेगळे सांगावेत. बहुतेक माणसे स्वतःच्या हाताने ओढून पाहिल्यावर दुसरा नमुनाच पसंत करतात. आपले ज्ञान झाकून ठेवून योग्य मोबदला मिळण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

दुसरा विचार पुढील पिढीचा. जन्मावरून धंदा ठरावा हे आम्हांस मान्य नाही. १९५० मध्ये अमलात आलेल्या आपल्या संविधानाने ती बेडी तोडली आहे, आणि आपली मुले-मुली शिकून शिक्षक, परिचारिका, अभियंते होत आहेत याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. कोणी मुलगा आरी हातात घेण्यास नकार देत असेल तर त्यास दोष देऊ नये. त्या आरीबरोबर आपल्या माणसांनी पुष्कळ हीन बोल ऐकलेले आहेत. परंतु हीनता बोलणाऱ्याच्या जिभेत होती, कामात नव्हती. ताण कसा वाटावा, भोक गोल का पाडावे, कोणता धातू कोणत्या कातड्याला चालतो, हे प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जातात. आपल्या आजोबांनी ते उन्हात बसून सोडवले. चेन्नईस १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था कातड्याच्याच शास्त्राचा अभ्यास करते. शिकलेल्या मुलांनी या ज्ञानाकडे लाजेने पाहू नये, आणि जे हे काम करीत आहेत त्यांनी ते अपुऱ्या ज्ञानाने करू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

राज्यात १९७४ मध्ये चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन झाले, आणि आज त्यास संत रोहिदासांचे नाव आहे. गटई कामगारांस पत्र्याचे स्टॉल देण्याची शासनाची योजनाही आहे. ज्यांस अद्याप स्टॉल मिळालेला नाही त्यांनी मंडळाच्या चिटणिसांच्या मदतीने अर्ज करावेत. तथापि स्टॉलने डोके झाकले जाते, हाताची तयारी आपणच करावी लागते. एतदर्थ आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. वर्षातून दोनदा, ज्येष्ठात पावसापूर्वी ताडपत्रीच्या कामाचा आणि पोळ्यापूर्वी जनावरांच्या पट्ट्यांच्या कामाचा, एकेक दिवसाचा वर्ग भरवावा. त्यात ज्येष्ठ कारागिरांना मानधन देऊन शिकवण्यास बोलवावे, कारण ज्ञान आहे तर त्याचा मानही असला पाहिजे. चांगला हातदाब यंत्र-साचा, निरनिराळ्या मापांचे पंच आणि साचे असा एक संच मंडळाने विकत घेऊन तो आळीपाळीने सर्वांस वापरण्यास द्यावा. एकट्याने सर्व मापे घेणे कोणास परवडत नाही, आणि चुकीच्या मापाने केलेले काम कोणासच परवडत नाही. तिसरी सूचना भगिनींविषयी. पिशव्या, दप्तरे, ताडपत्रीच्या दुमडी शिवण्याचे काम घरोघरी स्त्रियाच करतात, पण कडी ठोकण्याचे व पैसे घेण्याचे काम मात्र पुरुषांकडे राहते. या वर्गांत भगिनींस बरोबरीने बसवावे. ज्या हाताने दुमड घातली त्याच हातास कडीची जागा अधिक नेमकी कळते.

या वर्गांत इतर ज्ञातींचे कोणी शिकू इच्छीत असेल तर त्यासही मज्जाव नसावा. ज्ञान आपल्याकडे होते म्हणून ते आपल्यापुरते कोंडून ठेवणे योग्य नव्हे. आपणांवर पूर्वी जे दरवाजे बंद झाले त्यांची आठवण ज्यांस आहे त्यांनी तरी स्वतःचे दार उघडे ठेवावे.

आपल्या मंडळाचे सभासद आता शिरूर, दौंड, पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई असे पांगलेले आहेत. पुष्कळांच्या घरी आता आरी नाही, रापी नाही. त्यांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी पिशवी किंवा पट्टा विकत घेताना तो आतून उलटून पाहावा. कडीच्या मागे वायसर आहे काय, अस्तर आहे काय, काठापासून अंतर आहे काय, हे मुलांना दाखवावे. त्याबरोबर हे ज्ञान आपल्या घरातून आले आहे, हेही त्यांना सांगावे. आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराने चकती लावून दिली तर तिचे पैसे न मागता द्यावेत.